सासऱ्यांच्या सौनातले तारे

७ जुलै, सोमवार
सुट्टीसाठी फिनलंडात, तळ्याकाठी सासऱ्यांकडे पोचलो. संकल्प एकच. पिहलाने या उन्हाळ्यात माझ्याबरोबर काहीतरी करायचं. आठ वर्षांची पोरगी दरवर्षी आजोबांच्या होडीत जाऊन बसते आणि मी काठावर डास मारतो. आता बास. डबाभर तुटके मेणखडू आणलेत. वितळवायचे, साच्यात ओतायचे, ताऱ्यांच्या आकाराचे नवे खडू तयार. बाप-लेकीचा प्रोजेक्ट.

८ जुलै, मंगळवार
पाऊस. खडूंचे कागद सोलायला बसलो. पिहलाने दोन सोलले. तेवढ्यात सासऱ्यांनी होडीकडे जाताना नुसती मान हलवली आणि ही पसार. उरलेले मी सोलले. हरकत नाही. तयारी मोठ्यांनीच करायची असते.

९ जुलै, बुधवार
सिर्कूकडे ओव्हन मागितला. म्हणाली, त्यात मी बाबांचा पाव भाजते, तुझं मेण आत गेलं तर पाठोपाठ तुलाही घालीन. आवाज न चढवता म्हणाली. म्हणजे बायको खरंच घालेल.

१० जुलै, गुरुवार, दुपारी
साक्षात्कार! सौना! घाम गाळायची लाकडी खोली, नव्वद डिग्री सहज. फिनलंडात घरोघरी एवढा मोठा ओव्हन रिकामा पडलाय आणि आजवर कुणाला सुचू नये? उद्या सासरे आणि सिर्कू गावात जाणार आहेत. पिहलाला सांगितलं, गुप्त मोहीम. डोळे चमकले तिचे! म्हणाली, माझा तारा निळा हवा. वचन दिलं. मग आजोबांच्या होडीत नाही ना जाणार? म्हणाली, तारा झाला तर नाही.

११ जुलै, शुक्रवार
सौनाची भट्टी पेटवली. तारे पाडायचा प्लॅस्टिकचा बर्फाचा ट्रे, खडू भरून, बसायच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, म्हणजे सासऱ्यांच्या जागेवर. उष्णता वर जाते. विज्ञान. बाहेर थांबून पिहलाला मेणाविषयी थोडी माहिती दिली. जरा लांबली. आत गेलो तर मेणाबरोबर प्लॅस्टिकनेही मान टाकलेली. निळा, लाल, पिवळा, सगळे ओघळून फळ्याफळ्यांवर एकत्र आलेले, शेणाच्या रंगाचे. पिहलाने विचारलं, यातला माझा कुठला? होडीत कुणीच नव्हतं, तरी ती तिथे जाऊन बसली.

संध्याकाळी
चाकूने खरवडलं. मुठीएवढा गोळा निघाला. बाकीचं लाकडाने पिऊन टाकलं. पॉलिशच झालं म्हणायचं. कुणाला सांगायची गरज नाही.

१२ जुलै, शनिवार
सौनाचा दिवस. पोट बरं नाही म्हणून सांगितलं. या घरात लोक तापातसुद्धा शनिवार चुकवत नाहीत. सासऱ्यांनी नुसतं बघितलं. त्यांच्या सौनात उघड्या अंगानेच बसायचं, टॉवेल अंथरणं म्हणजे लाकडाचा अपमान, हे मला आठवलं, पण उशिरा. बाहेर पायरीवर बसलो. आत दगडांवर पाणी पडल्याचा चरचराट. मग सासरे विचारू लागले, हे खाली काय चिकटतंय? मग सिर्कू ओरडली, बाबा, मागे वळा बघू! आणि पिहला हसत सुटली. श्वास घेता येईना इतकी. माझ्याबरोबर ती अशी कधी हसलेली नाही. फार वाईट वाटलं. मग तिघं तसेच उघडे, माझ्यासमोरून तळ्यात डुबकी मारायला पळाले. तिघांच्या ढुंगणांवर शेणरंगी पट्टे. सासरे परत येताना पायरीशी थांबले. म्हणाले, जावईबापू, पोट कसं आहे आता? त्यांचं माझ्याशी वर्षभराचं बोलणं एकदम झालं.

१३ जुलै, रविवार
सकाळपासून वाळूकागदाने फळ्या घासतोय. पिहलाने तो मेणाचा गोळा मागून नेला. दुपारी चित्र काढून आणलं, आधी माझ्याकडे. ही प्रगतीच. सगळं त्याच एका रंगात. आजोबा, आई, ती स्वतः, तिघांची ढुंगणं चांगली गडद. म्हणाली, सुट्टीतला सगळ्यात भारी दिवस. मी कुठे आहे, विचारलं. म्हणाली, तू आत नव्हतास ना, बाबा. बाहेर काढू का तुला, पायरीवर? काढ म्हटलं. आधी पायरी काढली. तेवढ्यात आजोबांनी होडी सोडली आणि ती पळाली.

पायरी मात्र हुबेहूब आलीय.