घंटीची तार

सेलू, जि. वर्धा
२२ एप्रिल २००७

प्रिय योगेंद्र,

फोनच केला असता, पण हल्ली फोनवर तू 'ताई, मीटिंगमध्ये आहे' एवढंच बोलतोस, आणि रविवारीही मीटिंग असणारी कंपनी मला संशयास्पद वाटते. म्हणून पत्र. पत्र मधेच कापता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि फाडण्याआधी तू ते वाचशीलच, इतकं तुला मी लहानपणापासून ओळखते.

इकडे ऊन तापलं आहे. मयुरीचे बी.कॉम.चे पेपर संपले. बरे गेले म्हणते. बाप जाऊन दोन महिने झालेली पोरगी याहून वेगळं काय म्हणणार. मी दुकान उघडते. लोक पेनची रिफिल घ्यायला येतात, आत पाऊल टाकतानाच चेहरा पाडतात, मग किंमत ऐकल्यावर तो खरोखरचा पडतो. काही बायका तर रिफिल न घेताच नुसतं बघून जातात, मी रडते की नाही ते. मी गल्ल्यावर बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवते, त्यामुळे त्यांची फार निराशा होते.

फेब्रुवारीत बंडूजींच्या जिनिंगमध्ये रुईच्या गंजीला आग लागली आणि तुझे भाऊजी आत राहिले, हे तुला सांगायला नको. खांदा तू दिलास. पण तू पुण्याला परतल्यावर रुखमा उईके घरी आली होती, ते तुला माहीत नाही. हिंगणीकडची, जिनिंगमध्ये सरकी वेचायला असते ती. हाताला अजून पट्टी होती. यांनी जिला सगळ्यांत शेवटी बाहेर ढकललं, ती हीच. रुई कशी जळते, ते तिनं सांगितलं. वरून पांढरीशुभ्र दिसते, आत निखारा रांगत असतो, आणि धूर डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून तर ती धूर हुंगणारी पेटी लावली होती. तुझ्या कंपनीची. बंडूजींना ती घ्यायला लावली कोणी, हेही मी लिहीत बसत नाही. यांना फार कौतुक होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, 'ही आमच्या साळ्याच्या कंपनीची.'

तू चौऱ्याण्णव साली कॉम्प्युटर शिकायला निघालास, तेव्हा पुलगावच्या आत्यानं विचारलं होतं, त्या डब्यात बारूद असते काय रे. दारूगोळ्याच्या डेपोशेजारी जन्म गेलेल्या बाईला बंद डब्याचा दुसरा उपयोग सुचणार तरी कोणता. आपण पोट धरून हसलो होतो. परवा शब्दकोडं सोडवता सोडवता मला वाटलं, म्हातारी फारशी चुकली नव्हती.

गेल्या दिवाळीत तू गच्चीवर बसून तुझं काम समजावून सांगितलंस. मला ते सगळं आठवतं, कारण मला पहिल्यांदाच कळलं होतं. प्रोसेसरच्या पोटात मोजणारे मीटर असतात. किती ठोके पडले, किती काम झालं, हे मोजत बसतात. परफॉर्मन्स काउंटर. पण ऑपरेटिंग सिस्टीमला ते आपोआप दिसत नाहीत, कोणीतरी सांगावे लागतात, आणि सांगणारं ते फर्मवेअर. मी म्हटलं, म्हणजे फर्मवेअर ही घरात सगळ्यांत आधी उठणारी सासू, आणि ऑपरेटिंग सिस्टीम ही मागाहून उठलेली नवी सून. सासूनं सांगायचं की बाई, घरात मीटर इतके, हा हे मोजतो, तो ते मोजतो, आणि मीटर काठोकाठ भरला की त्याची घंटी अमुक तारेवरून येते. तू म्हणालास, 'ताई, तुले तर कंपनीतच घेतो.' त्या सासूच्या तोंडी शब्द घालायचे, हे तुझं काम. सुनेनं घर कधी पाहिलेलं नसतं. सासू सांगेल ते खरं.

पेटीत त्यातल्या एका मीटरवर राखण सोपवलेली होती. मीटर भरला की घंटी, घंटी झाली की सुनेनं पाहायचं, धुरावर नजर ठेवणारा प्रोग्राम जागा आहे की अडकून बसला. अडकला असेल तर पेटी तिथल्या तिथे नव्यानं सुरू करायची. मग तू खरी गंमत सांगितलीस. तुमच्या पेटीत नवी चिप आली, आणि नव्या चिपमध्ये घंटीची तार बदलली होती. पण वेळ नव्हता, म्हणून तुम्ही जुन्या चिपचं वर्णन उचललं आणि नवीला चिकटवलं. उपवर-वधू मेळाव्यात थोरल्याचा बायोडेटा धाकट्याला चालवतात तसा. नाव बदललं, उंची तीच. मीटर मोजत होते बरोबर, त्यामुळे कोणाला शंका नाही. फक्त सून ज्या तारेला कान लावून बसली होती, तिला घंटी जोडलेलीच नव्हती. आणि गंमत इथे संपली असती तरी चाललं असतं. पेटी सुरू होताना पडद्यावर बिचारी तक्रार करायची, घंटी ऐकू येत नाही म्हणून. गिऱ्हाइकं ती ओळ वाचून घाबरायची, फोन करायची. तेव्हा तुम्ही इंजिनियर लोकांनी डोकं लावलं आणि ती ओळच दिसू नये अशी सोय केली. फोन बंद झाले. साहेबांनी तुमची पाठ थोपटली.

हे हसले होते. तुला आठवत असेल, हसता हसता यांनी विचारलं, 'आमच्याकडे आहे थेच ना ही पेटी? मंग घंटी नाई आली तर?' तू म्हणालास, 'भाऊजी, हँग झाली तर ना. होत नाही ती हँग. पुढच्या वेळी दुरुस्त करून टाकू.' यांनी मान हलवली आणि तुला अजून एक अनारसा वाढला. साळ्याचा शब्द, त्याच्यापुढे यांनी कधी काही विचारलंय का.

रुखमा सांगत होती, त्या दिवशी दुपारी डबे सोडायच्या वेळी हे पेटीपुढे उभे होते. 'साहेब म्हने, इची घडी अकरालेच अडकून राह्यली वाट्टे. पन दिवा हिरवा हाये. जेवून झालं का बंडूजीले सांगतो.' डबा सुटला नाही. तो हिरवा दिवा, तूच सांगितलं होतंस, सरळ विजेवर असतो. पेटी जागी असो की मेलेली, तो आपला हसतमुख. आमच्या इथे पुष्कळ साहेबांचं तसंच असतं, पण त्यांच्या भरवशावर कोणी रुईच्या गंजीत उतरत नाही.

मग तुमच्या कंपनीचा माणूस आला. टाय लावून, राखेतून बूट उचलत. पेटी काढली, दुसऱ्या खोलीत नेऊन वीज दिली, आणि ती लगेच सुरू झाली. उदबत्ती धरली तर भोंगा वाजवून दाखवला. अडकलेल्या यंत्राला नव्यानं वीज दिली की ते शहाण्यासारखं वागतं, हे मला दुकानदारिणीलाही तू शिकवलेलं, पण त्यानं लिहून टाकलं की पेटीत दोष नाही, अर्थात ती हातानं बंद केलेली असणार. पाळीवर कोण होतं? तुझे भाऊजी, प्रभाकरराव. झालं. रुखमानं घड्याळाचं सांगितलं तर चौकशीचे साहेब तिला म्हणाले, 'घडी वाचता येते काय तुले?' ती म्हणाली, 'पाच मिनिटं उशीर झाला का रोजी कापता, तवा नाई इचारत थे.' साहेबांनी ते लिहून घेतलं नाही.

मागच्या आठवड्यात बंडूजी घरी आले. माणूस वाईट नाही. यांच्या फोटोपुढे बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मग टाइप केलेला कागद काढला. धुळीनं पेटी सारखी वाजायची म्हणून माझ्या यजमानांनी ती स्वतः बंद करून ठेवली होती, तसं ते घरी बोलले होते, इथे सही. मयुरीला ऑफिसात कायमची नोकरी. म्हणाले, 'मेलेल्या मानसाले काय फरक पडते वहिनी? जित्याचं पाहा.' मी म्हटलं, 'फरक मलेच पडते, बंडूजी. मी जितीच हाये.' चहा घेतला त्यांनी. कागद ठेवून गेले. मयुरीनं तो वाचला आणि कपाटाच्या कप्प्यात खाली अंथरला, कारण तिथला जुना पेपर फाटला होता.

आग लागली त्या रात्रीच्या गाडीनं तू आलास, तेरा दिवस राहिलास, पंगतीत वाढलंस, भाड्याची भांडी मोजून परत केलीस, मयुरीचं डोकं मांडीवर घेऊन बसलास. रडलास तेव्हा खोटं रडला नाहीस, तेवढं मला कळतं. मी वाट पाहत होते. वाटलं, आज सांगेल. तेराव्याला वाटलं, आता सांगेल. मी दोनदा विषय पेटीवर आणला, आणि दोनदा तू पाणी आणायला उठलास. एवढं पाणी पिणारा माणूस मी पाहिला नाही. तुझी नोकरी, घराचे हप्ते, तुझ्या बायकोचे दिवस भरत आलेले, हे सगळं मला दिसत नाही असं नाही. म्हणून दोन महिने मी तुझ्यासाठी सबबी जमवल्या. आता संपल्या.

शुक्रवारी वर्ध्याला चौकशीची शेवटची तारीख आहे. मी सही केलेली नाही. मी तिथे गच्चीवरची गोष्ट सांगणार आहे, पहिल्यापासून, तुझ्या नावासकट. यांच्या नावापुढे जे लिहिलं जाणार आहे ते मला पुसून हवं आहे. हे तुला तिऱ्हाइताकडून कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र. ये म्हणून गळ घालायला नाही. तू आधी उभा राहून बोललास तर लोक म्हणतील, भाऊ बहिणीसाठी आला. नाही आलास तर म्हणतील, बहिणीनं भावाला बुडवलं. दोन्ही खरंच असेल. गुरुवारी रात्री तुझ्यापुरता भात जास्त टाकते. नाहीच आलास, तर सकाळी तो मी फोडणीला टाकीन, खाईन, आणि आठच्या बसनं वर्ध्याला जाईन.

साक्ष दिल्यावरही तुझीच,
मंदाताई