हळद नसलेली रॅम

मंगळवार, संध्याकाळ

लॅपटॉपमध्ये जुन्या रॅमच्या जोडीला तेवढीच दुसरी बसवायची होती. विश्रामबागेतला दुकानदार लॅपटॉप आतल्या खोलीत घेऊन गेला. बाहेर येऊन म्हणाला, "जुनी नव्या रॅमशी जुळत न्हाई साहेब, मोठी एकच घातलीय." जुनी माझ्या हातात दिली. अगदी लख्ख.

आमचा लॅपटॉप घेतल्यापासून हळदीच्या गोदामात. बटणं पिवळी, पंखा पिवळा, चार्जरची पिनसुद्धा पिवळी. मग हीच एवढी लख्ख कशी? खरंच जुळत नव्हती, की आमची चांगली ठेवून घेऊन कुठली तरी बाद माझ्या गळ्यात मारली?

बायको म्हणाली, "आवं, पुसून दिली असंल."

असेल. पण बटणांवर साधी फुंकरही न घालणारा माणूस आतली रॅम पुसत बसेल?