चिमणाबाईंची हरकत

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१४ मे २०२५

चि. क्रांतीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा बरा आहे. ऊन फार आहे. तुझी शिरोलीतली पत्र्याची खोली तापत असेल.

परवाच्या सुनावणीत मी चाळीस मिनिटं बोललो. एक लाख दहा हजार व्होल्टची लाइन पेठेवरून नेणं म्हणजे लोकशाहीचा खून, वगैरे. लाइन टाकणाऱ्या कंपनीची इंजिनिअर म्हणून तू समोर होतीस. तुझ्याकडे बोट करून मी ‘दलाल’ म्हणालो. टाळ्याही पडल्या.

मग सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी आपल्या गल्लीतल्या चिमणाबाईंना विचारलं, “आजी, तार तुमच्या घरावरून जाते. हरकत आहे?”

“हरकत न्हाय की साहेब! लाइट कुणाला नको हाय?”

कारकुनाने तेवढंच उतरवलं. मी ओरडलो, “फितूर!”

“गप की रं मर्दा, बोलाय दे!” म्हातारी म्हणाली. लोक हसले आणि तिचं पुढचं बुडालं.

तू उभी राहिलीस. “साहेब, वाक्य संपलेलं नाही. आमच्याकडे माणूस आधी ‘हरकत न्हाय’ म्हणतो, मग हरकत सांगतो.”

“वर नवी खोली चढवलीया,” चिमणाबाई म्हणाल्या. “गच्चीत वाळवण घालताना हात तारंला लागंल का, एवढंच इचारायचं हुतं.”

कंपनीच्या नकाशात ती खोलीच नव्हती. काल तू गच्चीवरून टेप सोडून उंची मोजलीस, अंतर कमी भरतं असं स्वतःच्या कंपनीविरुद्ध लिहून दिलंस आणि मंजुरी थांबली; आता मार्ग बदलणार म्हणतात. मी खाली गल्लीत उभा होतो. हाक मारायचं धाडस झालं नाही.

तू ज्यावर बोट ठेवलंस तो तारेच्या अंतराचा नियम आज पहिल्यांदा वाचला. तार ताठ धरायची नाही. तापून जास्तीत जास्त जिथवर झोळ पडेल, तिथून छपरापर्यंत मोजायचं. पोरी, इतकी पुस्तकं वाचली, पण अंगावर असा काटा आला नव्हता. कुठल्याशा कचेरीत बसून कुणीतरी भर उन्हातल्या तारेचा आणि तिच्याखाली हात उंचावणाऱ्या बाईचा विचार करून ठेवलाय!

एक तुला ठाऊक नाही. आठ दिवस आधी चिमणाबाई माझ्याकडेच अर्ज लिहून घ्यायला आल्या होत्या. खोलीचं सांगितलं होतं. मी चार पानं लिहिली. त्यात जनता होती, अन्याय होता, खोली नव्हती. खाली त्यांचा अंगठा घेतला.

बदललेल्या मार्गाची सुनावणी लागेल तेव्हा मी दोनच मिनिटं मागेन. त्याच लोकांसमोर तो ‘दलाल’ शब्द परत घेईन, आणि अर्जाचंही सांगेन. टाळ्या पडणार नाहीत. तू मात्र समोर असावीस.

तुझ्याकडून शिकायला उशीर झालेला,
आण्णा