बटर कॉफी आणि छतावरचा डाग

सानपाडा. मंगळवार, संध्याकाळ.

मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात उकळती कॉफी आणि लोणी घालून घट्ट झाकण लावलं, ही चूक माझीच. वाफेने झाकण उडालं, छतावर डाग पडला. पण म्हणून मी एकटी राहायच्या लायकीची उरले नाही का?

बटर कॉफीचं खूळ मुलाचंच. सकाळी उलव्याहून तो आणि सून, दोघं आली. त्याने छताकडे पाहिलं. "आई, आता बस झालं. हा फ्लॅट भाड्याने देऊ, तू आमच्याकडे चल."

"डाग छताला पडलाय, माझ्या डोक्याला नाही."

सून हळूच म्हणाली, "आई, हँड ब्लेंडर घ्या ना. उंच भांड्यात बुडवून फिरवायचा, झाकणच नको."

तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला. दुपारी वाशीला जाऊन घेऊन आले. लोणी झकास एकजीव झालं, वर फेसही आला. चव मात्र वितळलेल्या मेणबत्तीची.

आता लिहितानाही नजर त्या डागाकडेच जातेय. पुसून घ्यावा का? नको, राहू दे.

रविवारी मुलाला बोलावलंय. डागाखाली बसून, त्याच्यासमोर अख्खा कप हसत पिणार आहे. पानातलं सगळं निमूट गिळायला कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी शिकवलंच होतं.