हॉट रॉडच्या रांगेत साबणाची डबी

आप्पा,

तुमच्याशी भांडायचं आहे. तुम्ही जाऊन वीस वर्षं उलटून गेली, तरी भांडायचं आहे. खरं भांडण इथल्या माणसांशी आहे, पण ही माणसं भांडतच नाहीत. हसतात, चहा विचारतात, ‘ग्रँड’, म्हणजे सगळं छान, म्हणतात आणि विषय संपवतात. माझ्या आयुष्यात मनापासून भांडणारा एकच माणूस होता, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. गेल्या महिन्यात मी एक मतदान जिंकले, आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलं आहे.

तुम्हाला हॉट रॉड हा शब्द माहीत नसेल, काम मात्र नक्की कळेल. जुनी, स्वस्त गाडी घ्यायची, मडगार्ड, बंपर, जे जे वजन वाढवतं ते उतरवायचं, मोठं इंजिन बसवायचं आणि कंपनीला स्वप्नातही दिसली नसेल अशी ती पळवायची. अमेरिकेत महायुद्धाच्या आगेमागे कफल्लक पोरांनी हे सुरू केलं. इथे आयर्लंडमध्ये त्या पंथाचा एक लहानसा क्लब आहे. पोर्टलीशजवळच्या एका मैदानावर उन्हाळ्यात त्यांचा मेळावा भरतो, सगळ्या गाड्या एका रांगेत उभ्या राहतात आणि लोक बॉनेटमध्ये डोकं घालून तासन्‌तास गप्पा मारतात. मी गॉलवेला राहते, हृदयाच्या शिरेत घालायच्या नळ्यांचं डिझाइन करते आणि घरामागच्या शेडमध्ये गेली काही वर्षं एक गाडी घडवते आहे. जपानी. दोन दारांची, छोटी, चाळीस वर्षांपूर्वी इथल्या नर्सा आणि शाळामास्तर पेट्रोल कमी खाते म्हणून घ्यायचे तसली. डंडॉककडच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात सडत होती. मी तिला तिच्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं इंजिन बसवलं, दोन कार्बोरेटर लावले, मागची सीट, बंपर, होतं नव्हतं ते सगळं उतरवलं, गंजलेला पत्रा कापून नवा स्वतः वेल्ड केला. गेल्या वर्षी ती घेऊन मेळाव्याला गेले तर फाटकावरच्या माणसाने अगदी गोड हसून मला प्रेक्षकांच्या पार्किंगचा रस्ता दाखवला. दिवसभर माझी गाडी तिथे आइस्क्रीमच्या व्हॅनशेजारी उभी होती.

तुमची आठवण तिथेच आली, आणि ती प्रेमाची नव्हती. तुम्हीही हेच केलं असतं. सांगलीला तुमच्या गॅरेजमध्ये पहिली छोटी गाडी आली तो दिवस मला लख्ख आठवतो. गल्लीतले डॉक्टर ती कोरी करकरीत पांढरी गाडी घेऊन आले आहेत, इंजिनातून काहीतरी आवाज येतोय म्हणतात, आणि तुम्ही बॉनेटसुद्धा उघडत नाही. कापडाला हात पुसत म्हणता, “डॉक्टर, ही गाडी न्हवं. साबणाची डबी हाय. डबी दुरुस्त करत न्हाय आपण.” डॉक्टर बिचारे हसून निघून गेले. मी अकरा वर्षांची, शाळेत वक्तृत्वाचा कप नुकताच मिळालेला. ऑइलच्या रिकाम्या पिंपावर चढून मी तुम्हाला भाषण ठोकलं. गरिबाला परवडते ती गाडी, देश बदलतो आहे, आप्पा तुम्ही मागे राहाल, असलं बरंच काही. तुम्ही रॉकेलमध्ये प्लग साफ करत सगळं ऐकलंत. मग विचारलंत, “तिची फुडची चाकं वढत्यात का मागची ढकलत्यात?” मला माहीत नव्हतं. “मग उतर खाली. शिकून ये, मग बोल.”

आई गॅरेजला लागून असलेल्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिथूनच ओरडली, “अहो, ल्हान हाय ती. व्हय म्हणा की एकदा.” तुम्ही म्हणालात, “ल्हान हाय म्हणून व्हय म्हणू? मग मोठी झाल्यावर तिचं खरं कोण मानंल?” मी त्या रात्री जेवले नाही. पुढची दहा वर्षं मी तुमच्याशी त्याच विषयावर भांडले, दर वेळी नवीन माहिती घेऊन, आणि तुम्ही एकदाही मान्य केलं नाहीत. सांगली छोट्या गाड्यांनी भरून गेली, गॅरेजसमोरचं अंगण रिकामं पडत गेलं, एका जुन्या जहागीरदार घराण्याची ती आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी विटांवर चढवून तुम्ही तिच्याशीच बोलत बसलात. तुमचा हट्ट आम्हाला किती महाग पडला ते आईला विचारा, आता तीही तिकडेच आहे. तुम्ही चुकत होता, आप्पा. अजूनही म्हणते, चुकत होता.

तर या वसंतात मी क्लबच्या सभेत ठराव मांडला. छोट्या, आयात केलेल्या, काटकसरीच्या गाड्यांना रांगेत जागा असावी. पोर्टलीशच्या बाहेर एका गावातला हॉल, लाकडी खुर्च्या, मागे चहाचा मोठा बंब. मी सगळा हिवाळा वाचत होते. त्या चळवळीचा इतिहास, जुनी मासिकं, त्या पोरांच्या आठवणी. उभी राहिले आणि बोलले. म्हणाले, तुम्ही ज्या गाड्यांची पूजा करता त्या त्यांच्या काळच्या सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सामान्य गाड्या होत्या. त्यातून शेतकरी कोंबड्या आणि पेंढ्या नेत. भंगारात मिळत म्हणून पोरांनी त्या उचलल्या, आणि तेव्हाच्या प्रतिष्ठितांनी नाकं मुरडली. तुम्ही आज त्या नाकं मुरडणाऱ्यांच्या खुर्चीत बसला आहात. परंपरा म्हणजे अमुक सालची अमुक गाडी असेल तर तिला वस्तुसंग्रहालयात ठेवा आणि तिकीट लावा. परंपरा म्हणजे हातातल्या स्वस्त गोष्टीतून वेग काढण्याची रीत असेल, तर या देशात ती रीत माझ्या गाडीच्या जातीनेच जगवली. इथल्या कुठल्या खेड्यातल्या पोराने अमेरिकन गाडीवर हात बसवला? त्याने आईची जुनी जपानी गाडी घेतली आणि गोठ्यात उघडली. आणि आयात म्हणता? या हॉलबाहेर उभी असलेली तुमची एक तरी गाडी जहाजातून न उतरता या बेटावर आली आहे का?

लोक हसले, टाळ्या पडल्या. मग एक म्हातारा उठला. पोर्टलीशचा निवृत्त दंतवैद्य, काळ्या कुळकुळीत तीसच्या दशकातल्या कूपेचा, म्हणजे दोन दारांच्या अमेरिकन गाडीचा, मालक, आवाज असा की अजूनही कुणाचा दात उपटत असावा.

“मॅडम, तुमची गाडी छान आहे. माझ्या बायकोकडे होती तसली. ती तिच्यातून बटाटे आणायची.”

“तुमच्या गाडीतून कोंबड्या जायच्या,” मी म्हणाले. “बटाटे निदान घाण करत नाहीत.”

हॉल हशाने दणाणला. तोही हसला, पण बसला नाही. म्हणाला, “इतिहास तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचला आहे. पण लोखंडाचं सांगा. माझ्या गाडीला खाली स्वतंत्र चासी आहे, लोखंडी सांगाडा, तिच्यावर बॉडी नुसती बोल्टांनी ठेवलेली. म्हणून तर ती पोरं बॉडी उचलू शकली, खाली बसवू शकली, एकाची दुसऱ्यावर ठेवू शकली. हॉट रॉड तिथून जन्माला आला, गरिबीतून नाही. गरिबी सगळीकडेच होती. तुमच्या गाडीला चासी नाही, पत्रा हाच तिचा सांगाडा. माझ्या गाडीचं अर्धं अंग काढून टाकलं की ती हॉट रॉड व्हायला लागते. तुमच्या गाडीचं काढलं की ती मोडते. मग ती त्याच कुळातली कशी?”

आप्पा, किती वर्षांनी कुणीतरी माझ्याशी गाडीबद्दल बोलत होतं! मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात अध्यक्ष उठला. टायरचं दुकान चालवणारा, लाल गालांचा, मनाने खरंच चांगला माणूस. दोन्ही हात वर करून म्हणाला, “आह नाऊ, आह नाऊ. आपल्याला कुणाला परकं वाटायला नकोय. ही बाई इतक्या लांबून आली आहे.” मी गॉलवेहून आले होते, दीड-दोन तास गाडी चालवून. पण तो गॉलवेबद्दल बोलत नव्हता. मागून एक बाई म्हणाली, “शुअर, शी इज ग्रँड, लेट हर इन.” भराभर हात वर गेले, म्हाताऱ्याचा सोडून. टाळ्या, चहा, स्पंज केक. ज्यांनी गेल्या वर्षी माझ्या गाडीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं ते खांद्यावर थोपटून सांगत होते, तुझं इथे स्वागत आहे. अठरा वर्षं राहते मी या देशात! मी अध्यक्षाला गाठलं. विचारलं, “चासीच्या मुद्द्याचं काय झालं? मला उत्तर द्यायचं होतं.”

“कुठला मुद्दा?” तो म्हणाला. “यू आर इन, लव्ह.”

मला त्यांच्या दयेचा राग आला, आप्पा, नुसता राग नाही, शिसारी आली. मी गाडीबद्दल बोलले, त्यांनी माझ्या कातडीबद्दल मत दिलं. वाईट हेतूने नाही, चांगल्या हेतूने, आणि म्हणून मला ओरडताही येईना. नाही म्हणाले असते तर पुढच्या वर्षी पुन्हा लढले असते. हो म्हणून त्यांनी माझं तोंड बंद केलं. माझा एक हिवाळाभराचा युक्तिवाद त्यांनी लहान मुलाने कागदावर काढलेल्या चित्रासारखा कौतुकाने फ्रिजवर चिकटवला.

बाहेर पार्किंगमध्ये तो दंतवैद्य आपल्या कूपेपाशी उभा होता. मला पाहून म्हणाला, “तुम्ही आत आलात. गाडी आलेली नाही.” बास, एवढंच. मग आम्ही दोघं तिथे थंडीत उभं राहून ओरडत होतो, मी त्याला हेकट म्हणाले, तो मला वकील म्हणाला, ही त्याच्या लेखी शिवी आहे, आणि शेवटी हॉलची किल्ली असलेल्या माणसाने येऊन फाटक लावायचं आहे असं सांगितलं. घरी येईपर्यंत मी एकटीच गाडीत बोलत होते. नवरा नागपूरचा. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, “जिंकली ना तू? मग काऊन चिडून राहिली?” मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही, आणि त्याच्या ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं.

मेळावा पुढच्या महिन्यात आहे. क्लबकडून रांगेतल्या जागेचा निरोप आला, अगदी पुढची जागा दिली आहे, सगळ्यांना दिसेल अशी. मी अध्यक्षाला फोन करून सांगितलं की मला ही जागा नको, ठराव पुन्हा चर्चेला घ्या, पूर्ण चर्चा होऊ द्या, मग पाडायचा असेल तर खुशाल पाडा. तो म्हणाला, “आह, वुड यू स्टॉप.” त्याला वाटतं मी लाजते आहे. लोकांना मी सांगते की तत्त्वासाठी जागा नाकारली, आणि ते खोटं नाही. मेळाव्याला मी जाणार आहे, गाडी पार्किंगमध्ये लावणार आहे.

पण कारण एवढंच नाही, आणि ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. मी त्या चासीच्या मुद्द्याला रोज रात्री शेडमध्ये उत्तर शोधते. पहिलं सुचलं, मी आतून लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवेन, मग पत्र्यावर भार राहणार नाही. पण म्हातारा म्हणेल, म्हणजे नव्हती ती चासी तुम्हाला घालावीच लागली. मग वाटलं, त्या पोरांनी काय चासी बघून गाड्या उचलल्या होत्या? पण आप्पा, मी जेवढं वाचलं तेवढ्यात दिसतं की बघून उचलल्या होत्या. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही, म्हणून लिहिते. तुमच्या मुलीकडे त्या दंतवैद्याच्या प्रश्नाचं उत्तर अजून नाही.