चौदा पिशव्यांची सहल

ती. ताईस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (उजव्या हाताची दोन बोटं खळीने चिकटली आहेत, त्यामुळे नमस्कार वाकडा झाला असेल तर सरळ मानून घे.) तुझ्या पायाचं प्लास्टर निघालं का? भावोजी सुखरूप पोचले असतीलच आणि आल्याआल्या त्यांनी तुझ्या चहाला गुणही दिले असतील. किती दिले ते विचारत नाही, उगाच तुला वाईट वाटायचं.

तुला येता आलं नाही हे तुझं नशीब. तळ्याकाठी तीन दिवस तंबूत राहायचं ही कल्पना भावोजींची, आणि हॉटेलच्या खाण्याने पोट बिघडतं म्हणून सगळं घरूनच करून न्यायचं ही अटही त्यांचीच. तीस वर्षं शाळा तपासलेल्या माणसाला नाही कोण म्हणणार? हिने दोन दिवस खपून राजमा, भात, सूप, बटाटे असं काय काय शिजवलं आणि पिशव्यांत भरलं. तिथे फक्त पाणी उकळायचं, पिशवी त्यात सोडायची आणि वाढायचं. इथवर सगळं शहाणपणाचं चाललं होतं. मग मी मदत केली. पिशव्या चपट्या असल्या की बर्फाच्या पेटीत जास्त मावतात, आणि चपटं करणं हा तर माझा धंदा. बांधलेली पुस्तकं मी ज्या शिकंज्यात दाबून ठेवतो, त्यात चौदाही पिशव्या एकदम घातल्या आणि चाक फिरवलं. तेरा चपट्या झाल्या. चौदावी राजम्याची होती. शेजारी एका वकीलसाहेबांचे निकालांचे खंड वाळत होते, त्यातला तिसरा आता जरा मसालेदार झाला आहे. (त्यांना अजून सांगितलेलं नाही. तिसरा खंड सहसा कुणी उघडत नाही, असा माझा अनुभव आहे.) पिशव्या गोठल्यावर पेटी भरून झाली, तेव्हा मी मोजल्या तर पुन्हा चौदा. म्हटलं, हिने फुटलेलीच्या बदली एक केली असेल.

प्रत्येक पिशवीवर दिवस, वेळ आणि पदार्थ सुवाच्य अक्षरात लिहून चिठ्ठी लावली होती. चिठ्ठ्या मी अर्थातच खळीने चिकटवल्या. पहिल्या दुपारी बर्फ वितळायला लागला आणि पेटी उघडली तर सगळ्या चिठ्ठ्या वर तरंगत होत्या. तेव्हापासून जे हाताला लागेल ते जेवण. न्याहारीला राजमा, रात्री पुन्हा राजमा, मध्येच नुसते बटाटे. भावोजी दर जेवणानंतर शेरा देत होते. 'पासापुरतं.' 'प्रयत्न दिसतो.' तुला ठाऊकच आहे, बावीस वर्षांत त्यांनी हिच्या हातच्या कशालाच चाळीसच्या वर गुण दिलेले नाहीत. ते येणार म्हटलं की ही आदल्या दिवसापासून गप्प होते. मला ते फार लागतं.

तिसऱ्या दुपारी शेवटची पिशवी निघाली. पांढरं, दाटसर काहीतरी. हिने गरम करून वर मिरपूड घातली आणि वाटी भावोजींच्या हातात दिली. तेवढ्यात रिकाम्या पिशवीची गाठ माझ्या नजरेस पडली. पुस्तकं शिवायच्या दोऱ्याची, दुहेरी, माझीच गाठ. ताई, ती खळ होती. मैदा आणि पाणी. (मी तीत किडीचं औषध घालत नाही, म्हणून तर ती पिशवीत बांधून फ्रीजमध्ये ठेवावी लागते. तेव्हा घाबरू नकोस.) मी ओरडणार, इतक्यात भावोजींनी डोळे मिटले आणि म्हणाले, "वहिनी, हे सूप म्हणजे... नव्वद." ही उठून गाडीमागे गेली आणि पदराने डोळे पुसू लागली. आता सांग, मी तोंड कसं उघडणार? त्यांनी दुसरी वाटी मागितली, तीही मी माझ्या हाताने वाढली.

बाकी सर्व ठीक. पाय जप.

तुझा धाकटा

ता. क. – भावोजी रविवारी तुझ्याकडे त्याच सुपाची फर्माईश करणार आहेत. वाटीभर मैदा, चार वाट्या पाणी, गुठळी न होऊ देता मंद आचेवर ढवळ. मीठसुद्धा घालू नकोस, चव बदलेल. आणि ही गोष्ट तुझ्यामाझ्यातच राहू दे. हिच्या वाट्याला आलेलं एवढं एक सुख मला मोडायचं नाही.

आणखी एक ता. क. – वन्सं, ही मी. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. यांची खळ बावीस वर्षं मीच शिजवते, मला ती ओळखू येणार नाही होय? फ्रीजमधली ती पिशवी चौदावी म्हणून मीच पेटीत ठेवली होती. तुमचे यजमान चव घेऊन गुण देतात की नुसतेच देतात, ते एकदा बघायचं होतं. गाडीमागे मी हसत होते. यांना मात्र काही कळू देऊ नका. माझ्यासाठी कुणाशी इतकं खोटं वागलेलं मी यांना कधी पाहिलं नव्हतं, मला फार बरं वाटलं. रविवारी भावोजींना पोटभर वाढा, आणि तुम्हाला किती पडले ते कळवा.