व्याह्यांसाठी वाढवलेली गॅलरी

तीर्थस्वरूप रादोये दादास,

तुला आणि वहिनीला वाकून नमस्कार, आणि आपल्या रीतीप्रमाणे गालांना तीन मुके. गुडघा काय म्हणतो? डुकरीण व्याली का? प्लमची दारू यंदाही उतरवली असशील. पहिल्या धारेची कुणाला देऊन टाकू नकोस (मी मागत नाही, आठवण करून देतो). आम्ही देवाच्या दयेने बरे आहोत, आणि मी तर इतका आनंदात आहे की कुठून सुरुवात करावी तेच समजत नाही.

एका शनिवारी सकाळी प्रार्थना आटोपली, संतांपुढे दिवा लावला आणि गॅलरीत जाऊन आडवा झालो. माणूस मावतो का ते बघायचं होतं. पाय कठड्यातून बाहेर गेले. खालून शेजारच्या कोसाराबाई पाव घेऊन येत होत्या. माझे मोजे पाहून त्यांनी विचारलं, "वितोमिर, बरा आहेस ना, की पाद्रीबाबांना बोलावू?" मी तिथूनच सांगितलं, घर वाढवतोय.

कारण तुला सांगायला नको. संत निकोला आपल्या घराण्याचा रक्षक, आणि त्याच्या सणाला कुणाला बोलावणं धाडायचं नसतं. ज्याला आठवण असेल तो येतो (आमच्या इमारतीत सगळ्यांची स्मरणशक्ती फार चांगली आहे). गेल्या वर्षी आमच्या तियानाच्या होणाऱ्या सासऱ्यांना जिन्याच्या पायरीवर बसून मासा खावा लागला. जाताना विहीणबाई म्हणाल्या, "जिना मात्र हवेशीर आहे हो तुमचा." पोरगी स्वयंपाकघरात तोंड लपवून रडली. लग्न वसंतात आहे. यंदा व्याह्यांना टेबलाशी बसवीन, असं मी तसबिरीपुढे कबूल केलं होतं.

मग कल्पना अशा सुचू लागल्या की जेवताना घास हातातच राहायचा. दुसऱ्या मजल्यावरचा मिलेंतिये म्हणाला, दारापुढचा जिन्याचा तुकडा लोखंडी दार लावून घरात घे (त्याने घेतलाय, आता विजेचे मीटर त्याच्या दिवाणखान्यात आहेत आणि रीडिंग घेणारा आला की कॉफी करावी लागते). कोसाराबाईंचं मत, छत फोडून वर चढावं. मी शेवटी गॅलरीला काचा बसवून घेतल्या, आणि दादा, घर खरोखर वाढलं. एक सकाळभर. दुपारी आमच्या सौ. देसांकाने तळघरातल्या भाजल्या मिरच्यांच्या चटणीच्या बरण्या तिथे आणून मांडल्या. मग फ्रीझर आला, मग इस्त्रीचं टेबल. काचेतून ऊन आलं तसा आंबवलेल्या कोबीचं पिंप तापलं आणि असा वास सोडू लागलं की ते उचलून झोपायच्या खोलीत न्यावं लागलं. म्हणजे गॅलरी मिळाली आणि झोपायची खोली गेली. (आता मी पिंपाकडे पाठ करून झोपतो.)

राहिली बैठकीची खोली. घडीचं टेबल उघडून पाहिलं तर एकच फळी उघडते, दुसरी कपाटावर आपटते. तेच, आमच्या लग्नात तू दिलेलं, छताला टेकलेलं, पूर्वेची भिंत व्यापून उभं असलेलं. तसबीर पूर्वेलाच हवी, म्हणून इतकी वर्षं संत निकोला त्याच्या काचेआड दारूच्या पेल्यांमध्ये उभे आहेत. सणाची भाकरी कापताना पाद्रीबाबा दर वर्षी विचारतात, "संतांना वेटरच्या कामाला ठेवलंयस का रे?" देसांका पिंपावर बसून लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "घरात जागा आहे. तिच्यात तुमचा दादा उभा आहे, एवढंच."

मी तसबीर कपाटातून बाहेर काढली. मनात म्हटलं, भावाने प्रेमाने दिलेली वस्तू आहे.  संतांचा चेहरा मात्र पेल्यांतून बाहेर आल्यावर जरा सैल वाटला.

असो. तुझ्या घराचा विचार नेहमी मनात येतो. मुलासाठी हौसेने वरचा मजला बांधलास आणि तो ऑस्ट्रियात राहिला. त्या मोठ्या खोलीत एक खुर्चीसुद्धा नाही, हे मला कायम खटकतं.

तुझा धाकटा,
वितोमिर

ता. क. तुझ्या वरच्या मजल्याचं दार किती रुंद आहे, हे विचारायचं राहिलं. (आता विचारून उपयोग नाही.)

ता. क. हे पत्र तुला ट्रकचा ड्रायव्हर देईल. मागे ताडपत्रीखाली जे आहे ते तू ओळखशीलच. उतरवायला चार माणसं लाव, गुडघा सांभाळ. पिंपही त्याच्याच आत उभं करून बांधलंय, तेव्हा आडवं करू नकोस.

ता. क. तसबीर भिंतीवर लागली. सणाचं तुला बोलावणं करत नाही, करायचं नसतं. पण टेबल आता पूर्ण उघडतं, आणि व्याह्यांशेजारची खुर्ची मोकळी ठेवली आहे.